राखेतलं चाक

देवीदास भोयरांच्या मितानाला नाव आहे. आधार कार्डावर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, बीरगावात कोणालाही विचारा, पटकन सांगेल. पण ही गोष्ट देवीदासांची, आणि जे नाव देवीदासांनी उच्चारायचं नाही ते गोष्टीनं तरी कोणत्या तोंडानं उच्चारावं? तेव्हा आपणही त्याला मितानच म्हणू.

छत्तीसगडात मितान बदतात. म्हणजे दोन माणसं देवासमोर बसून नारळ आणि मूठभर तांदूळ एकमेकांच्या हाती देतात, आणि तिथून पुढे सख्ख्या भावाहून जवळची होतात. एकाच्या आईला दुसरा फूलदाई म्हणतो. जात, गाव, बोली, काही आड येत नाही. नियम एकच, पण कडक. एकदा बदलं की एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती 'मितान' म्हणून. नाव काय, पोस्टमनही घेतो आणि पोलीसही घेतो. आपल्याला मितान म्हणणारा जगात एकच असतो.

देवीदासांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. देवीदास जवळच्याच उरला गावातल्या कारखान्यात वेल्डिंगला लागले, आणि तिथंच शेजारच्या लेथवर, म्हणजे इकडच्या भाषेत खरादवर, एक धरसींव्याकडचा पोरगा होता. दोघं जेवायच्या सुट्टीत एकाच डब्यात हात घालायचे. त्या पोराच्या आईनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "दूनो एके थारी म खाथव, त मितान बद लेवव." एका ताटात जेवता ना, मग बदूनच टाका. टाकलं. पुढं कारखाना सुटला आणि बीरगावच्या एका गल्लीत दोघांनी समोरासमोर दुकानं टाकली. क्रशरचं, पोकलेनचं, रोलरचं, जे काही तुटेल ते आधी देवीदासांकडं यायचं. देवीदास तुटलेल्यात लोखंड भरायचे, मग जिन्नस रस्ता ओलांडून मितानकडं जायचा आणि मितान जास्तीचं लोखंड सोलून माप बरोबर करायचा. एक भरणारा, एक सोलणारा. दोघांची अशी जोडी की गिऱ्हाइकाला वाटे दुकान एकच आहे, मधून रस्ता उगाच गेलाय.

बिनसलं ते एका गिअरबॉक्सच्या कवचावरून. कवच बिडाचं होतं, आणि बीड म्हणजे लोखंडाच्या घराण्यातली सासू. तापवायचं तर हळूहळू तापवा, निववायचं तर त्याहून हळू निववा, मधेच जरा वारा लागला की तडकली. म्हणून बीड सांधलं की तापलेलं तसंच राखेत पुरून ठेवतात. रायपूरभोवती राइस मिलींना काय तोटा, भुशाची राख ट्रॉलीनं मिळते. त्या राखेत जिन्नस निवांत निवू द्यायचा. वर तळहात ठेवला आणि तो काढून घ्यावासा वाटला नाही, की मग उघडायचं.

त्या दिवशी कवच राखेत होतं, देवीदास घरात जेवायला गेले होते आणि बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून गल्लीचे कान किटवत होता. मितान माप घ्यायला आला. मापच तर घ्यायचं, म्हणून त्यानं एका कडेची राख बाजूला सारली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! देवीदास हात धुऊन बाहेर येतात तोच आवाज आला, टण्ण. बीड तडकल्याचा आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. कवच गेलं. आणि ट्रकवाल्यासमोर, कवचाच्या मालकासमोर, अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी मितानाच्या नावानं ओरडून हाक मारली.

नुसतं नाव. शिवी दिली असती तर चाललं असतं. शिव्या तर ते एकमेकांना चहाबरोबर द्यायचे.

मितानानं कॅलिपर खाली ठेवला, हाताची राख झटकली आणि रस्ता ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना नेहमी 'सीताराम, मितान' म्हणणारा तो माणूस हात जोडून म्हणाला, "नमस्ते, देवीदास जी."

जी! आणि वर शुद्ध हिंदी. इतकी वर्षं तो छत्तीसगडी बोलायचा, हे वऱ्हाडी बोलायचे, आणि दोघांचं एक अक्षर अडत नसे. आता मितान त्यांच्याशी बँकेत बोलावं तसं बोलू लागला. भांडण नाही, अबोला नाही, कामात खोट नाही. पाठवलेला प्रत्येक जिन्नस चोख मापात परत यायचा. भांडला असता तर देवीदासही भांडले असते आणि मोकळे झाले असते. पण नमस्काराशी भांडणार कसं?

गंमत म्हणजे दोन्ही घरांत काहीच बिघडलं नव्हतं. देवीदासांची बायको विमला आणि मितानाची बायको एकमेकींना मितानिन म्हणत होत्या, गोल बाजारातून जोडीनं साड्या आणत होत्या. इकडून पुरणपोळी गेली की तिकडून त्याच डब्यात तांदळाचा वाफवलेला फरा यायचा. विमलाताई ताटावर बसलेल्या नवऱ्याला सुनवायच्या, "अवघ्या घरादाराचं जमून राहिलं, तुमचं दोघांचंच घोडं काहून अडलं?"

"मी काय करू? माफी मागतली ना मी."

"कधी?"

"मनातल्या मनात."

मुलगी अनुश्री शंकरनगरला एका ऑफिसात कामाला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच सुचायचं. ती म्हणाली, "बाबा, मन में बोलोगे तो चाचा को सुनाई कैसे देगा?"

मग एकदा देवीदास खरोखरच नारळ घेऊन रस्ता ओलांडून गेले. म्हणाले, चूक झाली माझी, चल, पुन्हा बदून घेऊ. मितानानं लेथ बंद केला, त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "मितान दो बार नहीं बदा जाता, देवीदास जी." नारळ परत आला. देवीदासांनी तो दुकानातल्या फळीवर ठेवला, आणि बुंदसे गई वो हौदसे नहीं आती हे त्यांना त्या नारळाकडं बघून रोज पटू लागलं.

विमलाताईंना मात्र पटलं नाही. त्या म्हणाल्या, "दोनदा बदता येत नाही म्हणते ना तो? म्हणजे पहिलं मोडलंच नाही. मोडलं असतं तर दुसऱ्यांदा बदाले काय हरकत होती?" हे बोलणं देवीदासांच्या डोक्यात जाऊन बसलं. तरी ऐकायचा होता तो एकच शब्द, आणि तो काही ऐकू येईना.

विश्वकर्मा पूजेला ही खोट सगळ्यांत जास्त दिसली होती. त्या दिवशी कारागीर हत्याराला हात लावत नाही. हातोडा, चिमटे, पाने सगळे धुऊन पुसून देवापुढं मांडायचे, कुंकू लावायचं आणि दिवसभर त्यांना आराम. गल्लीत इतकी वर्षं एकच विश्वकर्मा बसायचा, देवीदासांच्या दुकानात, आणि मितान आपली हत्यारं परातीत घालून तिकडं आणायचा. बिनसल्यानंतर गेल्या पूजेला दोन बसले, समोरासमोर. देवालाच दिवसभर देवाकडं बघत बसावं लागलं. यंदा असं होऊ नये एवढंच देवीदासांचं मागणं होतं, आणि पूजा तर तोंडावर आलेली.

अशात ऋषिकेश आला. हा नागपूरचा तरुण इंजिनिअर, नव्यानंच एका गिट्टी क्रशरवर साइट बघायला लागलेला. पिकअपमध्ये क्रशरचं फ्लायव्हील होतं, छातीएवढं बिडाचं चाक, मधल्या तुंब्यापासून दोन आरे तडकलेले.

"काका, हे बनवणारी कंपनीच बंद पडली," तो म्हणाला. "नवीन ओतून आणायचं म्हटलं तर दिवाळी होईल. तोवर क्रशर बंद, माणसं घरी. होईल ना?"

देवीदासांनी चाकावर हातोडी हलकेच मारली. भद्द, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. त्यांनी तडा बोटानं शेवटपर्यंत चाचपला.

"होते," ते म्हणाले. "पण घाई करशीन तर मी हात लावत नाही. आन् तुंब्याचं भोक समोर खरादवर होईन. तेवढं तूच जाऊन सांग त्याले."

"तुम्ही नाही सांगणार?"

"मी सांगतलं तर तो नमस्ते म्हणते बाप्पा," देवीदास वैतागून म्हणाले. ऋषिकेशला यातलं काही कळलं नाही, पण तो गुणी पोरगा, रस्ता ओलांडून सांगून आला.

मितान माप घ्यायला आला, "देवीदास जी, जरा नाप ले लूँ?" म्हणून रीतसर विचारून माप घेऊन गेला. देवीदासांनी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढं पळायचा नाही. मग ग्राइंडरनं तड्याची खाच रुंद केली. पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी विटांचं कोंडाळं रचून त्यात कोळसा पेटवला आणि चाक त्यावर आडवं ठेवलं. घाई कुठंच नाही. चाक काळ्याचं करडं झालं, करड्याचं मंद लाल झालं, तेव्हा देवीदासांनी चष्म्यावर काच ओढली.

काम करणाऱ्या देवीदासांना बघणं हा एक आनंद होता, आणि तो त्यांनाही ठाऊक होता, उगाच खोटं कशाला बोला. बोटभर टाका घालायचा, थांबायचं, हातोडीच्या गोल डोक्यानं त्यावर टिचक टिचक ठोकायचं, मग समोरच्या बाजूला तेवढाच टाका. एका बाजूला सलग भरत गेलं की बीड रुसतं, म्हणून दोन्ही आऱ्यांची आळीपाळीनं मनधरणी. ऋषिकेश लांब उभा राहून हे बघत होता. त्याच्याजवळ तापमान मोजायची बंदूक होती, नुसती रोखली की आकडा सांगायची. चाक मधेच निवत तर नाही ना, हे तो तिच्यावर बघून सांगत होता, आणि देवीदास "वा रे पठ्ठे, तू तर कामाचा आहेस" म्हणून कोळसा पुढं सारत होते.

दुपार कलली तेव्हा शेवटचा टाका पडला. आता तापलेलं चाक चेन-कप्पीनं उचलायचं आणि बाजूच्या राखेच्या खड्ड्यात सोडायचं, तेही वारा लागायच्या आत. क्रशरची दोन माणसं साखळी ओढायला होती. देवीदास चामड्याचा हातमोजा घालून चाकाला दिशा देत होते. चाक उचललं गेलं, विटांच्या कडेवरून पुढं सरकलं, खड्ड्यावर आलं. आणि आऱ्यात अडकवलेला साखळीचा आकडा सरकला.

देवीदासांचं लक्ष टाक्यांवर होतं. आकडा त्यांना दिसला नाही. चाक कलतंय आणि आपला हात चाक नि विटांच्या मधे आहे, हेही नाही.

"मितान, हाथ!"

हाक रस्त्यापलीकडून आली आणि देवीदासांचा हात त्यांच्या आधी मागं आला. कानाला कळायच्या आत हाताला कळलं म्हणा ना. त्याच क्षणी चाक विटेची कड उडवून धप्पकन खड्ड्यात आपटलं आणि राखेचा असा लोट उठला की अख्खं दुकान पांढरं झालं.

"राख! राख डालो, जल्दी!" लोटातूनच मितान ओरडत आला. त्याच्या हातात फावडं होतं, ते त्यानं कधी आणि कोठून उचललं देव जाणे. देवीदासांनी दुसरं उचललं. चाक आपटून फुटलं की राहिलं हे बघायलाही वेळ नव्हता. दोघं समोरासमोर उभे राहून राख ओढत होते, जशी वर्षानुवर्षं ओढत आले होते, एकाचं फावडं खाली तेव्हा दुसऱ्याचं वर. चाक दिसेनासं झालं. मग दोघं थांबले. भुवयांपासून मिशांपर्यंत दोघंही पांढरे, ओळखू येऊ नयेत असे.

"लगी तो नहीं?" मितान धापा टाकत म्हणाला.

"नाही." देवीदास त्याच्याकडं बघत राहिले. "तू काय म्हणलं आता?"

"हाथ. हाथ हटाने को बोला, देवीदास जी."

"त्याच्या आधी?"

"उसके पहले कुछ नहीं."

"नाही कसं," ऋषिकेश डोळे चोळत भाबडेपणानं म्हणाला, "मितान म्हणाले ना हे? मी ऐकलं. काका, मितान म्हणजे काय?"

क्रशरची दोन माणसं छत्तीसगडीच होती, ती तोंड फिरवून हसू लागली. मितानानं गमछ्यानं तोंड पुसलं, राख आणखी पसरली. देवीदासांना इतका आनंद झाला की त्यांनी हातातलं फावडं उलटंच भिंतीला टेकवलं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "बरं."

पण मितान काही आपल्या दुकानात परत गेला नाही. त्यानं स्टूल ओढलं आणि खड्ड्याजवळ बसला. थोड्या वेळानं ऋषिकेशला राहवेना, जरा एका कडेनं बघू का म्हणून तो खाली वाकला. पी हळद अन् हो गोरी! मितान ताडकन उठला. "साहब, हाथ मत लगाना. अभी ये सो रहा है." मग दुकानाच्या दाराला ताडपत्री लावून त्यानं वारा अडवला. संध्याकाळी त्याचा जेवणाचा डबा तिथंच आला. जाताना राखेवर पोती पांघरून, वर विटा ठेवून, दोनदा मागं वळून बघत तो घरी गेला. देवीदास हे सगळं दारातून बघत होते. एका टण्ण आवाजाचं ओझं त्या माणसानं आजवर एकट्यानं वाहिलं होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. राखेनं आले असं त्यांनी विमलाताईंना सांगितलं.

सकाळी पूजेचा दिवस. अनुश्री सुट्टी घेऊन दारात रांगोळी काढत होती. तेवढ्यात समोरून मितानिन आली, डोक्यावर परात, परातीत मितानाचे चकचकीत पुसलेले पाने आणि कॅलिपर.

"ओमन तो राख के तीर म बइठे हें," ती विमलाताईंना म्हणाली. ते काय, राखेजवळच बसलेत. "दू जघा पूजा कोन करही, मितानिन?" दोन जागी पूजा कोण करणार?

"हव ना," विमलाताई म्हणाल्या आणि जणू काही विशेष घडलंच नाही अशा थाटात परात उतरवून घेतली. दोघींनी हे आधीच ठरवलं होतं की काय, ते त्या दोघींनाच ठाऊक. हत्यारं देवापुढं मांडली गेली, इकडचा हातोडा आणि तिकडचे पाने एका ओळीत. आरती झाली. फळीवरचा नारळ देवीदासांनी खाली काढला, तर तो वाळून खडखडत होता, तोच फोडला. ऋषिकेश वेळेवर आला होता. त्याची तापमानाची बंदूक विमलाताईंनी प्रेमानं मागून घेतली, तिलाही कुंकू लावलं आणि हातोड्याशेजारी ठेवून दिली.

"आता आज ही चालायची नाही," त्या म्हणाल्या. "हत्यार आहे ना ते?"

"मग चाक निवलं की नाही, कसं कळणार?" ऋषिकेशनं विचारलं.

खरंच होतं. हातोडी वाजवून बघायची सोय नव्हती, फावडंही पूजेत बसलं होतं. राहिले ते नुसते हात. सगळे खड्ड्याभोवती जमले. पोती काढली. मितान आपोआप एक पाऊल मागं सरला आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

देवीदास गुडघे टेकून बसले. राखेवर हात नेला, आणि थांबले. आदल्या रात्री अंथरुणावर त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"मले नाही कळत बा, हातमोजे घालू घालू माझा हात मेला," ते म्हणाले. "तूच पाह्य. तूच उघड, मितान."

मितानानं पाठीमागचे हात सोडवले. मग तो हळूच खाली बसला, देवीदासांच्या समोर. त्यानं एका कडेची राख बोटांनी सारली, अगदी थोडी, मनगट जाईल एवढीच. आत हात घातला आणि डोळे मिटून तसाच राहिला. देवीदास कान देऊन होते. चाकासाठी नाही.

मितानानं हात बाहेर काढला. उघडलेली राख त्यानं ओंजळीनं परत जागेवर लोटली, वरून थोपटली.

"अभी तात हे, मितान," तो म्हणाला. "थोकिन अउ रहन दे."

अजून गरम आहे. आणखी थोडा वेळ राहू दे.

"राहू दे," देवीदास म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "राहू दे ना, मितान. काय घाई आहे?" आणि तेही आपल्या बाजूची राख थोपटू लागले, थोपटायची काही गरज नसताना.

चाक दुसऱ्या दिवशी निघालं, हातोडी लावताच देवळातल्या घंटेसारखं वाजलं, मितानानं त्याचं भोक तासून दिलं आणि ऋषिकेश नाचायचा बाकी राहिला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी दोघं तिथंच स्टुलांवर बसले, राखेवर नजर ठेवून, एकमेकांना जुन्या चालीच्या दोन-चार शिव्या घालत. विमलाताईंनी घरातून हाक दिली, "जेवाले येता का दोघं? पानं वाढली हो!"

"थोकिन अउ," देवीदास आतल्या दिशेनं ओरडले, आणि मितानानं त्यांना चहाचा कप पुढं केला.